उच्चबल कृत्रिम सूत

उच्चबल कृत्रिम सूत म्हणजे नायलॉन, पॉलिएस्टर यांसारख्या बहुवारिकांपासून, अर्थात पॉलिमरपासून, तयार केलेले आणि नेहमीच्या वस्त्रोपयोगी सुतापेक्षा सुमारे दुप्पट ताण सहन करणारे अखंड तंतूंचे सूत. मोटारीतील हवापिशव्या म्हणजे एअरबॅग, हवाईछत्र्या, ताडपत्री, वाहकपट्टे, तंबू, सुरक्षापट्टे यांसाठी हे सूत वापरतात. यांपैकी हवापिशवी आणि हवाईछत्री यांचे कापड अतिशय दाट विणलेले असते, कारण त्यातून हवा किती जाते यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

अशा कापडाचे बळ आणि त्याचा दाटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली तंतुनिर्मितीच्या कारखान्यात ठरते, दुसरी मागावर. महाराष्ट्रात हा फरक इचलकरंजीत विशेष स्पष्ट दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात पंचगंगेकाठी वसलेले हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र त्याचे कौशल्य विणण्यात आहे. बहुवारिक वितळवून सूत काढण्याचे मोठे कारखाने मुख्यतः पेट्रोरसायन उद्योगाच्या आधाराने इतरत्र उभे राहिले.

बळाचे मूळ

कापसाच्या सुताला बळ येते ते पिळामुळे. आखूड तंतू एकमेकांभोवती पिळले गेले की घर्षणाने एकमेकांना धरून ठेवतात. कृत्रिम अखंड सुतात तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतो, त्यामुळे पिळाची तशी गरज नसते. येथे बळ तंतूच्या आतील रेणूंच्या रचनेत असते.

बहुवारिकाचा रेणू म्हणजे हजारो अणूंची लांब साखळी. वितळलेल्या अवस्थेत या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि तसेच थंड झालेले सूत कमकुवत राहते. ताण दिला की गुंता सैल होतो, पण साखळ्या तुटत नाहीत. हेच सूत कित्येक पट लांब खेचले तर साखळ्या सुताच्या दिशेने सरळ होतात, शेजारशेजारच्या साखळ्यांचे स्फटिक बनतात आणि पुढचा ताण साखळीतील रासायनिक बंधांवर येतो. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी १९३० मध्ये पॉलिएस्टरच्या लगद्यातून काढलेला तंतू थंड झाल्यावरही अनेक पट ताणता येतो आणि ताणल्यावर तो बळकट व चमकदार होतो, हे पाहिले. ते पॉलिएस्टर फार कमी तापमानाला वितळत असल्याने कापडासाठी निरुपयोगी ठरले. निरीक्षण मात्र टिकले. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याच प्रयोगशाळेत नायलॉन ६६ तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धात हवाईछत्र्यांच्या रेशमाची जागा त्याने घेतली. आज पॉलिएस्टर या नावाने ओळखले जाणारे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट हे इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये तयार केले.

म्हणजे एकाच पॉलिएस्टरपासून साडीचे सूतही बनते आणि ट्रक ओढणारा पट्टाही. रासायनिक सूत्र दोन्हीकडे तेच. फरक असतो तो साखळीच्या लांबीत आणि ती किती खेचली गेली यात.

सूत मोजण्याची एकके

सुताची जाडी व्यासाने मोजत नाहीत, वजनाने मोजतात. ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, १०,००० मीटरचे वजन म्हणजे डेसिटेक्स आणि १,००० मीटरचे वजन म्हणजे टेक्स. सुती धाग्याचा ‘नंबर’ किंवा काउंट याच्या उलट चालतो: नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. बळ सेंटिन्यूटन प्रति टेक्स या एककात सांगतात. साध्या वस्त्रोपयोगी पॉलिएस्टर सुताचे बळ ३५ ते ४० च्या आसपास असते, तर उच्चबल सुताचे ७० ते ८५. व्यवहारात याचा अर्थ असा: १,००० डेनियरचे, म्हणजे सुमारे १,१०० डेसिटेक्सचे सूत ७५ सेंटिन्यूटन प्रति टेक्स बळाचे असेल तर ते साधारण ८२ न्यूटन, म्हणजे आठ किलोहून थोडे अधिक वजन तोलते. असे नऊ किलोमीटर सूत भरते फक्त एक किलो.

ॲरॅमिड तंतू आणि अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन यांचे बळ याच्याही दुपटी-तिपटीच्या पुढे जाते. पण ते वितळवून काढता येत नाहीत, विद्रावणातून काढावे लागतात. त्यांची निर्मिती हा स्वतंत्र विषय आहे.

निर्मिती

कच्चा माल बहुवारिकाच्या लहान दाण्यांच्या, म्हणजे चिप्सच्या रूपात येतो. साध्या सुतासाठीच्या पॉलिएस्टर चिप्सची आंतरिक श्यानता ०.६ च्या थोडी वर असते. श्यानता हे साखळीच्या लांबीचे अप्रत्यक्ष माप आहे. उच्चबल सुतासाठी ती ०.९ ते १.० पर्यंत न्यावी लागते, कारण साखळी आखूड असेल तर ती कितीही सरळ केली तरी तिची टोके लवकर येतात आणि प्रत्येक टोक ही एक दुबळी जागा असते. श्यानता वाढवण्यासाठी चिप्स न वितळवता २०० ते २२० अंश सेल्सिअस तापमानाला, निर्वातात किंवा नायट्रोजनच्या प्रवाहात, अनेक तास तापवतात. दाणा घन असतानाच त्याच्या आत साखळ्या जोडल्या जातात. या क्रियेला घनस्थिती बहुवारिकीकरण म्हणतात.

यानंतरचा शत्रू म्हणजे पाणी. वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये पाण्याचा एक रेणू साखळीचा एक एस्टर बंध तोडतो, म्हणजे कित्येक तासांच्या उष्णतेने वाढवलेली लांबी काही क्षणांत निम्मी होऊ शकते. म्हणून चिप्समधील ओलावा ०.००५ टक्क्यांच्या खाली ठेवतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत चिप्सची गोणी उघडी राहणे हे अशा कारखान्यात साधे निष्काळजीपण मानले जात नाही.

सुकलेल्या चिप्स मळसूत्री यंत्रात, म्हणजे एक्स्ट्रूडरमध्ये, वितळतात. पॉलिएस्टर २५५ ते २६० अंशांना वितळते, पण लांब साखळ्यांचा लगदा फार घट्ट असल्याने तो ३०० अंशांच्या जवळपास न्यावा लागतो. दातेरी चाकांचा पंप हा लगदा मोजून पुढे ढकलतो. या मोजण्याला मोठे महत्त्व आहे. १,१०० डेसिटेक्सचे सूत मिनिटाला ३,००० मीटर गतीने गुंडाळायचे तर प्रत्येक सुतामागे मिनिटाला ३३० ग्रॅम लगदा लागतो आणि पंपात एक टक्का चढउतार झाला तर सुताची जाडीही तितकीच बदलते. पंपापुढे बारीक वाळूचा किंवा धातूच्या भुकटीचा गाळणीथर असतो. तो कचरा अडवतो, तसेच न वितळलेल्या गुठळ्याही. त्याच्या खाली बारीक छिद्रांची पोलादी चकती, म्हणजे स्पिनरेट. प्रत्येक छिद्रातून एक तंतू बाहेर पडतो.

साध्या सुतात छिद्रातून बाहेर पडलेला तंतू लगेच थंड हवेने गोठवतात. उच्चबल सुतात याच्या उलट करतात: चकतीच्या खाली तापवलेले कडे बसवून तंतू काही काळ गरम ठेवतात. घट्ट लगदा छिद्रातून जाताना साखळ्यांना अर्धवट ताण बसलेला असतो. तो लगेच गोठला तर पुढे सूत पुरेसे खेचता येत नाही. गरम कड्यात तो ताण सुटतो आणि मग तंतूवर थंड हवा सोडतात. नवख्याला हे उलटे वाटेल, कारण साखळ्या सरळच करायच्या आहेत तर आधी सैल का सोडायच्या? पण अर्धवट, वेडीवाकडी सरळ झालेली साखळी पुढच्या खेचण्याला अडथळाच ठरते.

थंड तंतूंना तेलमिश्रित पाण्याचा हात देतात. त्यामुळे घर्षण व स्थिर विद्युत कमी होते आणि तंतू एकत्र राहतात. मग सूत तापलेल्या रुळांच्या जोड्यांवर जाते. या रुळांना गॉडेट म्हणतात. पहिला रूळ मिनिटाला ५००–६०० मीटर गतीने फिरतो, शेवटचा ३,००० च्या आसपास. म्हणजे सूत वाटेत पाच ते सहा पट लांब होते. हे खेचणे दोन किंवा तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याला तापमान चढवत करतात. एकदम खेचले तर काही तंतू तुटतात आणि सुतावर लव उभी राहते. तीच लव पुढे मागावर ताण्याचे धागे एकमेकांत अडकवते.

खेचलेले सूत तसेच सोडले तर तापवल्यावर ते पुन्हा आकसू पाहते. म्हणून शेवटच्या रुळांवर २०० अंशांहून अधिक तापमानाला ते स्थिर करतात आणि थोडे सैल सोडतात. येथे निर्मात्याला निवड करावी लागते. जास्त सैल सोडले तर आकसणे कमी होते, पण बळही थोडे घटते. ताडपत्रीवर गरम लेप चढवायचा असतो, म्हणून तिला कमी आकसणारे सूत लागते. हवापिशवीच्या कापडाला मात्र थोडे आकसणारे सूतच उपयोगी पडते. त्याचे कारण पुढे आले आहे.

गुंडाळण्यापूर्वी सुतावर दाबाच्या हवेचा झोत सोडून तंतू ठरावीक अंतरावर एकमेकांत गुंतवतात. या गाठी नव्हेत, नुसती गुंतवळ असते. तिच्यामुळे पीळ न देता आणि अनेकदा खळ न लावताही सूत ताण्यावर चालवता येते.

दाटपणाचे गणित

इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची मजुरी ठरवताना इंचाला ५२ पिकांचे कापड हा पाया धरण्याची पद्धत आहे. पिक म्हणजे बाण्याच्या धाग्याचा एक फेरा. पिके जितकी जास्त तितके कापड दाट, असा नेहमीचा समज आहे आणि एकाच नंबरच्या सुतापुरता तो बरोबरही आहे. सूत बदलले की तो फसतो.

४० नंबरच्या सुती सुताचा व्यास सुमारे ०.१४ मिलिमीटर असतो. इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये, अशी ५२ पिके बसवली तर धाग्यांनी एकूण साडेसात मिलिमीटरच्या आतबाहेर जागा व्यापली. उरलेली जागा मोकळी. आता हवापिशवीसाठी नेहमी वापरले जाणारे ४७० डेसिटेक्सचे नायलॉन घेऊ. नायलॉनची घनता १.१४ धरून आणि तंतूंमधील फटी जमेस धरून या सुताचा व्यास सुमारे ०.२६ मिलिमीटर येतो. त्याच ५२ पिकांनी येथे साडेतेरा मिलिमीटरहून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा भरते.

निम्मीच भरते, मग आणखी धागे का बसवत नाहीत? कारण साध्या विणीत प्रत्येक दोन बाण्यांच्या मधून ताण्याचा धागा वरखाली जावा लागतो आणि त्यालाही जागा लागते. धागे गोल आणि सारख्या जाडीचे मानले, तर भूमितीनुसार दोन शेजारच्या धाग्यांच्या मध्यांतील अंतर व्यासाच्या १.७३ पटीपेक्षा कमी करता येत नाही. ०.२६ ला १.७३ ने गुणले की ०.४५ मिलिमीटर येतात, म्हणजे सेंटिमीटरला जास्तीत जास्त २२ धागे, इंचाला ५६. प्रत्यक्षातले सूत दाबाने चपटे होते, त्यामुळे ही मर्यादा थोडी सरकते. तरीही सेंटिमीटरला २० धाग्यांचे हवापिशवीचे कापड जवळजवळ या सीमेवर विणलेले असते, हे यातून कळते. सुती मागावरचे ५२ पिक आणि या कापडाचे ५१–५२ पिक यांत मोजणी सारखी आहे, श्रम सारखे नाहीत. पिकांवर बेतलेली मजुरीची मोजपट्टी अशा कापडाला सरळ लागू पडत नाही.

सीमेवरचे शेवटचे एक-दोन धागे मागावर ठोकून बसवण्याऐवजी आकसण्याचा उपयोग करून घेतात. सेंटिमीटरला १९ धागे विणून कापड गरम पाण्यात किंवा उष्ण हवेत ६ टक्के आकसू दिले, तर धाग्यांची संख्या २० च्या वर जाते. म्हणूनच या कामासाठी आकसण्याची थोडी क्षमता सुतात मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते.

तंतूंची बारीकीही येथे महत्त्वाची ठरते. ४७० डेसिटेक्सचे सूत ७२ तंतूंचे असेल तर प्रत्येक तंतूचा व्यास २७ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी असतो. तेच सूत १४० तंतूंचे केले तर ते अधिक मऊ होते, विणीत चांगले चपटे होऊन फटी झाकते आणि कापडाची घडी लहान बसते.

इचलकरंजी

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी शाहू मिलची स्थापना केली. गिरणीत कताई आणि विणाई एका छताखाली चालत. इचलकरंजीत मात्र घरोघरी आणि शेडशेडमध्ये विखुरलेला यंत्रमाग वाढला आणि टिकला. धोतर, पॉपलीन यांसारख्या सुती कापडावर या शहराची घडी बसली. सूत, सायझिंग, विणाई आणि प्रक्रिया ही कामे निरनिराळ्या हातांत आहेत. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागधारकांना येथे ‘खर्चीवाले’ म्हणतात.

या घडीला उच्चबल दाट कापड सहज सामावत नाही. साध्या यंत्रमागावर बाणा लाकडी धोट्यातील कांडीवरून सुटतो. कांडीवर ३० ग्रॅम सूत बसते असे धरले, तर ४० नंबरच्या सुताची सुमारे दोन हजार मीटर लांबी मिळते, ४७० डेसिटेक्सच्या नायलॉनची जेमतेम ६४० मीटर. सव्वा मीटर रुंदीच्या मागावर मिनिटाला सव्वाशे फेरे धरले तर पहिली कांडी बारा-तेरा मिनिटे चालते आणि दुसरी चार मिनिटांत संपते. माग थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवी खूण उमटते. पोशाखाच्या कापडात ती खपून जाते. हवेचा दाब झेलणाऱ्या कापडात ती दोष ठरते.

अधिक मोठी अडचण फणीच्या ठोक्याची आहे. विणीची सीमा जवळ आली की प्रत्येक नवा बाणा आत सारण्यास लागणारे बळ झपाट्याने वाढते. नायलॉन लवचिक असल्याने ठोका बसताच कापडाची कड पुढे सरकते आणि पुन्हा मागे येते. ती रोखण्यासाठी ताणा अधिक ओढून धरावा लागतो आणि त्याचा भार मागाच्या सांगाड्यावर, भीमावर आणि वयांवर येतो. सुती कापडासाठी घडवलेला हलका माग हा भार सतत पेलू शकत नाही. म्हणून असे कापड भक्कम बांधणीच्या रेपियर, एअरजेट किंवा वॉटरजेट मागांवर विणतात. वॉटरजेट मागात बाणा पाण्याच्या झोताने नेला जातो. तो पाणी फारसे न शोषणाऱ्या पॉलिएस्टर-नायलॉनला मानवतो, कापसाला नाही. त्यामुळे कृत्रिम सुतावर वाढलेल्या सुरतेत तो रुजला.

केंद्र सरकारच्या १९९९ च्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेनंतर इचलकरंजीतही धोटाविरहित मागांचा प्रसार झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेली डीकेटीई ही वस्त्र व अभियांत्रिकी शिक्षणसंस्था शहराला वस्त्रतंत्रज्ञ पुरवते. तांत्रिक वस्त्रांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या संस्थेला उत्कृष्टता केंद्र मिळाले, पण ते नॉनवोव्हन म्हणजे न विणलेल्या कापडाचे. विणकरांच्या गावाला न विणलेल्या कापडाचे केंद्र मिळावे यात थोडी गंमत आहे. मात्र चाचणीची उपकरणे आणि तांत्रिक वस्त्रांचे शिक्षण दोन्हींना उपयोगी पडते. फेब्रुवारी २०२० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानासाठी १,४८० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली.

सुताच्या बाजूने महाराष्ट्रात पुण्याजवळील भोसरी येथे सेंच्युरी एन्का कंपनी नायलॉन सूत बनवते, तर रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सने १९८२ मध्ये पॉलिएस्टर अखंड सुताचे उत्पादन सुरू केले.

नायलॉन की पॉलिएस्टर

टायरच्या आतील दोरा-कापडही उच्चबल सुताचेच असते, पण ते दाट नसते. त्यात ताण्याचे जाड पीळदार दोरे जवळजवळ एकटेच काम करतात आणि बाणा नुसता ते जागेवर धरतो, कारण हवा अडवण्याचे काम रबर करते. हवापिशवीत हेच काम कापडाला, किंवा कापड आणि त्यावरील पातळ सिलिकॉन लेप यांना मिळून करावे लागते. पिशवी सेकंदाच्या सुमारे तीन-शतांश भागात, पापणी लवायच्या आत, तप्त वायूने फुगते.

या कामासाठी दीर्घकाळ नायलॉन ६६ पसंत केले गेले. वितळण्याचे तापमान पॉलिएस्टरहून फारसे निराळे नाही, सुमारे २६० अंश. परंतु सामान्य तापमानापासून वितळेपर्यंत त्याला प्रति किलो अधिक उष्णता लागते, त्यामुळे तप्त कणांनी भोक पडण्याचा धोका कमी असतो. दुसरे कारण घनतेचे आहे. पॉलिएस्टरची घनता १.३८ असल्याने त्याच डेसिटेक्सचे पॉलिएस्टर सूत सुमारे नऊ टक्के बारीक असते. तितक्याच फटी झाकायच्या तर धागे वाढवावे लागतात आणि कापड जड होते. पॉलिएस्टरच्या बाजूने किंमत आहे, तसेच ओलावा कमी शोषण्याचा गुण. भोसरीतील कारखान्यात बनणारे नायलॉन ६ हे २२० अंशांना वितळते. टायरला ते पुरते, हवापिशवीला नायलॉन ६६ बरे.

भारतात १ जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींत चालकासाठी हवापिशवी सक्तीची झाली आणि एप्रिल २०२१ पासून नव्या प्रारूपांत शेजारच्या आसनासाठीही. त्यामुळे अशा कापडाची देशांतर्गत गरज वाढली.

तयार कापडाची चाचणी पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी ओढून घेतात. सेंटिमीटरला २० प्रमाणे पट्टीत १०० धागे येतात. ४७० डेसिटेक्सच्या आणि ८० सेंटिन्यूटन प्रति टेक्स बळाच्या सुताचे मिळून हिशेबाने सुमारे ३,७६० न्यूटन बळ भरते. प्रत्यक्षात पट्टी त्याआधीच तुटते. विणीतील वळणे आणि मागावर झिजलेले तंतू यांनी ती घट होते. हिशेबापासूनची ही तूट किती, यावरून विणणाऱ्याच्या मागाची आणि हाताची परीक्षा होते.

रंग आणि पाणी

उच्चबल सुताचे घट्ट स्फटिकीकरण हे रंगाच्या मात्र विरोधात जाते. रंगाचे रेणू आत शिरण्यासाठी साखळ्यांमध्ये पोकळी लागते आणि खेचण्याने नेमकी तीच नाहीशी झालेली असते. पॉलिएस्टर तर दाबाखाली १३० अंश तापलेल्या पाण्यात रंगवावे लागते. म्हणून ताडपत्री, तंबू, पट्टे यांच्या सुतात रंगद्रव्य वितळलेल्या लगद्यातच मिसळतात. रंग सुताच्या गाभ्यात राहतो, उन्हाने लवकर विटत नाही आणि कापड विणल्यानंतर रंगाईची गरज उरत नाही. पंचगंगेच्या प्रदूषणात कापड प्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्याचा प्रश्न गेली अनेक वर्षे चर्चेत असलेल्या इचलकरंजीसाठी हा गुण बळाइतकाच मोलाचा आहे. अडचण एवढीच की लगद्यात रंगवलेले सूत मोठ्या प्रमाणात एकाच छटेत काढावे लागते. थोड्या मालाची, रोज बदलणाऱ्या रंगांची मागणी घेऊन येणाऱ्या छोट्या मागधारकाला ते परवडत नाही.